माशांच्या अंगावरचे ठिपके पुन्हा का येतात?

प्रश्न : आमच्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आहे. तिच्यात पाच मोली आणि एक सकर मासा दोन वर्षांपासून सुखाने नांदत आहेत. डिसेंबरमध्ये दोन एंजल आणून त्यांच्यात सोडले. थोड्याच दिवसांत एंजलच्या परांवर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागले आणि मासे तळाच्या खड्यांना अंग घासू लागले. दुकानदाराने दिलेल्या निळ्या औषधाचे थेंब चार दिवस घातल्यावर ठिपके गेले, म्हणून औषध थांबवले. आठवड्याने मोलींसकट सर्वांच्या अंगावर पूर्वीच्या दुप्पट ठिपके आले. औषध नकली होते का? टाकी रिकामी करून, खडे उकळून नव्याने सुरुवात करावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : औषध नकली असेलच असे नाही, ते फार लवकर थांबवले गेले, एवढे मात्र आपल्या वर्णनावरून स्पष्ट दिसते. हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे होतो. दुकानांतून त्याला नुसते ‘इक’ म्हणतात. त्या लांबलचक नावाचा अर्थ ‘पुष्कळ लेकरांची, माशांवरची ऊ’ असा आहे, आणि आपला सारा त्रास त्या लेकरांपासूनच आहे.

आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली बसून त्याच्याच पेशींवर वाढणारा परजीवी होय. वरून त्वचेचे पांघरूण असल्यामुळे पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो साधारण मिलिमीटरभर वाढला की आपणहून गळून तळाशी जातो, खड्यांना किंवा पानांना चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत दोनाचे चार, चाराचे आठ असा विभागत जातो. एका ठिपक्यापासून शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्ले तयार होतात. ती कवच फोडून पोहू लागली की एक-दोन दिवसांत त्यांना मासा गाठावाच लागतो, नाहीतर ती मरतात. औषध, मीठ, काहीही घाला, परजीवी मरतो तो याच उघड्या अवस्थेत. म्हणजे आपले ठिपके औषधाने गेले नव्हते. ते पिकून गळले होते आणि औषध न घालताही गळलेच असते. ज्या दिवशी आपण निःश्वास सोडला, त्याच दिवशी तळाशी पुढची पिढी तयार होत होती.

हे चक्र पाण्याच्या तापमानावर चालते. २५ अंश सेल्सिअसला ते आठवड्याच्या आत पुरे होते, तर थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणून पाणी कोमट करणे हा उपचाराचा पहिला भाग आहे. नाशिकच्या थंडीत हीटर नसेल तर तो आधी आणावा. रोज दोन अंशांपेक्षा जास्त न वाढवता पाणी ३० अंशांपर्यंत न्यावे. या तापमानाला परजीवीच्या बहुतेक जातींची वाढ खुंटते. मात्र कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ठिपके मोजत न बसता कल्ल्यांना लागण झाली असे समजावे आणि तापमान वाढवणे तिथेच थांबवावे. अंगावर मोजके ठिपके असतानाही मासा मरतो, तो बहुधा कल्ल्यांमुळेच.

दुसरा भाग मिठाचा. आपल्या टाकीचे माप ५६-५७ लिटरचे भरते, पण खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ४५ लिटरच्या आसपास असेल. लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने ९० ग्रॅम साधे जाडे मीठ पुरते. चमच्याने अंदाज न घेता ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजावे, त्याचे तीन भाग करावेत आणि बारा-बारा तासांच्या अंतराने टाकीतल्याच पाण्यात विरघळवून हळूहळू ओतावे. मोलींना मीठ मानवते, एंजलही सोसतात. सकरवर मात्र लक्ष ठेवावे आणि तो कासावीस दिसल्यास थोडे पाणी बदलावे. एक दिवसाआड सायफनने खडे ढवळून तळाचा गाळ आणि त्यासोबत कवचे बाहेर काढावीत. जितके पाणी काढले तेवढ्यापुरतेच मीठ नव्या पाण्यात घालावे, कारण मीठ उडून जात नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटरचा प्लग काढावा, हे सांगायला नको, तरी सांगतो. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही हे सारे आणखी आठवडाभर चालू ठेवावे. याच आठवड्यात सगळ्यांचा धीर सुटतो. माझाही एकदा सुटला होता आणि त्याची किंमत चार टेट्रा माशांनी मोजली.

औषधच वापरायचे असेल, तर मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधे जास्त गुणकारी असतात; पण सकर आणि लोच यांसारख्या माशांना त्यांची पूर्ण मात्रा झेपत नाही, आणि ती हाताळताना हातमोजे घालावेत. आपले निळे औषध बहुधा मिथिलिन ब्लू असावे. ते फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंना मारते आणि टाकीच्या सांध्यांतले सिलिकॉन कायमचे निळे करते. कोणतेही औषध घालताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, अन्यथा तो औषधच शोषून घेतो. काही जण टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकतात. ती जिवाणूंसाठी आहे, या परजीवीवर तिचा काही उपयोग नाही.

टाकी रिकामी करू नये. मासे बादलीत ठेवले तरी परजीवी त्यांच्या अंगातच असतो आणि उकळलेल्या खड्यांवर तो पुन्हा येऊन बसतो. वर फिल्टरमधले जिवाणू गेल्यामुळे अमोनिया वाढतो, ते वेगळेच. यापुढे नवा मासा आणल्यावर त्याला तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. दुकानात स्वच्छ दिसणाऱ्या माशाच्या कल्ल्यांतही दोन-चार परजीवी दडलेले असू शकतात.

प्रश्न : माझ्या एका गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर बारीक पांढरे दाणे आले आहेत. तो नीट खातो, अंग घासत नाही, उलट दुसऱ्या गोल्डफिशच्या सारखा मागे लागतो. मीठ घालू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : घालू नका. तो नर आहे आणि विणीच्या दिवसांत नरांना असे दाणे येतात. ते कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पराच्या पुढच्या काडीवरच असतात. ‘इक’चे ठिपके शेपटी, पाठ, पोट असे काहीच सोडत नाहीत. हंगाम सरला की दाणे आपोआप जातील. ज्याच्या मागे तो लागला आहे, त्या मादीला आडोसा मिळेल एवढी झाडे मात्र टाकीत असू द्या.