एमएस की त्याच्यासारखं दुसरं काही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस. यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन या आवरणावर उलटते. या आजाराबद्दल आणि त्याच्या भाऊबंदांबद्दल आलेल्या प्रश्नांतले काही आज घेतो. उत्तरं वाचून स्वतःची औषधं बदलू नका, ही विनंती दरवेळचीच.

माझी मुलगी २६ वर्षांची आहे. डाव्या डोळ्यापुढे अचानक अंधारी आली, डोळा फिरवला की दुखायचा. एमआरआय झाला, पाच दिवस सलाइनमधून स्टिरॉइड दिलं, नजर बरीचशी परत आली. एमएस असावा असं सांगितलं, आणि आता ॲक्वापोरिन आणि मॉग अशा दोन रक्ततपासण्या करायला सांगतायत. आजार कळलाय तर हा खर्च कशाला? – एक आई, सोलापूर

आई, हा खर्च करा. कुठे काटकसर करायचीच असेल तर ती दुसरीकडे करा.

फ्रान्समधल्या ल्याँ शहरात १८९४ साली युजीन देविक यांनी एका आजाराचं वर्णन केलं. त्यात डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू या दोन्हींना एकदम सूज येत होती. पुढची शंभरेक वर्षं तो एमएसचाच एक जहाल प्रकार समजला जायचा. २००४ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या व्हांडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात एक वेगळी अँटिबॉडी सापडली. ती ॲक्वापोरिन-४ या प्रथिनावर हल्ला करते हे पुढच्याच वर्षी कळलं. हे प्रथिन मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशींवर असतं आणि पाण्याची ये-जा सांभाळतं. म्हणजे पहिला घाव मायलिनवर पडतच नाही. आजारच वेगळा निघाला. त्याचं नाव न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, आम्ही एनएमओ म्हणतो.

नाव बदलल्याने काय फरक पडतो? औषधं बदलतात. इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटॅलिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार उफाळू शकतो. शिवाय एमएसच्या अटॅकमधून, म्हणजे लक्षणं अचानक उफाळून येण्यातून, सुरुवातीला माणूस बऱ्यापैकी सावरतो. एनएमओचा एक अटॅकसुद्धा डोळा कायमचा घेऊन जाऊ शकतो. युरोपातल्या दवाखान्यांपेक्षा आशियातल्या दवाखान्यांत एनएमओचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून आपल्याकडे ही शंका मनात ठेवावीच लागते.

मुलीला आधी कधी आठवडा-दोन आठवडे न थांबणारी उचकी किंवा उलट्या झाल्या होत्या का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. हसू नका. मेंदूच्या बुडाशी उलटीचं केंद्र असतं, एनएमओ तिथे सूज आणतो. असे रुग्ण पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहतात, एंडोस्कोपीही होते, तीत काही सापडत नाही, उचकी आपोआप थांबते आणि दोन महिन्यांनी पाय लुळे पडतात.

तपासणी ‘सेल-बेस्ड’ पद्धतीने होणार आहे का, हे लॅबला विचारा. जुन्या एलायझा पद्धतीत चुकीचे निकाल जास्त येतात. मॉग हे मायलिनवरचं एक प्रथिन. त्याची अँटिबॉडी सापडली तर तो तिसराच आजार. त्याचे आंतरराष्ट्रीय निकष २०२३ मध्ये ठरले. तो लहान मुलांत जास्त दिसतो, आणि अनेकांना एकदाच होऊन परत फिरकत नाही. पण मॉगचा निकाल ‘अगदी थोडा पॉझिटिव्ह’ आला असेल तर तेवढ्यावर निदान करू नये, खऱ्या एमएसमध्येही असं दिसतं.

एनएमओ निघालाच तर हातपाय गाळू नका. एक्युलिझुमॅब या औषधाच्या एनएमओवरच्या चाचणीत ते घेणाऱ्या ९६ जणांपैकी फक्त तिघांना पुन्हा अटॅक आला, त्याऐवजी नकली औषध मिळालेल्या ४७ पैकी २० जणांना. त्याची किंमत वाचूनच घाम फुटतो हे खरं. पण मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन, रिटुक्सिमॅब यांवर आपल्याकडचे कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं अटॅकशिवाय राहिले आहेत.

एमएस एका विषाणूमुळे होतो असं वाचलं. मग माझ्यापासून घरच्यांना धोका आहे का? लस आहे का? – एक वाचक, सांगली

तुमच्यापासून कुणालाही धोका नाही. एकाच ताटात जेवा.

तुम्ही वाचलं ते एपस्टाइन-बार विषाणूबद्दल, आणि ते संशोधन खरंच नामी आहे. अमेरिकी सैन्यात एचआयव्हीच्या तपासणीसाठी ठरावीक काळाने रक्त घेतात आणि उरलेला नमुना जपून ठेवतात. हार्वर्डच्या संशोधकांनी एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी चाळल्या. ज्यांना पुढे एमएस झाला अशा ८०१ जणांचे जुने नमुने त्यांनी तपासले. एक वगळता सगळ्यांना आजाराआधी या विषाणूची लागण झालेली होती. लागणीनंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढलेला दिसला. दुसऱ्या एका तशाच विषाणूच्या लागणीने मात्र काही फरक पडला नव्हता. हे जानेवारी २०२२ मध्ये छापून आलं. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की या विषाणूचं एक प्रथिन मेंदूतल्या एका प्रथिनासारखं दिसतं, आणि काही रुग्णांच्या अँटिबॉडी दोन्हींना चिकटतात.

पण जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांना हा विषाणू भेटून गेलेला असतो. आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच, साध्या तापातापात. एमएस होतो त्यातल्या अगदी थोड्यांना. काही जनुकं, सिगारेट, किशोरवयातला लठ्ठपणा, ऊन कमी मिळणं, असं बरंच काही जुळून यावं लागतं. मुंबईचे डॉ. नोशिर वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात एमएस बराच जास्त असल्याचं १९९० मध्ये दाखवलं होतं. हवा-पाणी तेच, शहरं तीच, म्हणजे फरक जनुकांचा असावा. लशींच्या चाचण्या चालू आहेत, पण आजार झालेल्यांना तिचा उपयोग होईल असं गृहीत धरू नका. या विषाणूवर नेम धरणाऱ्या पेशींचा एक उपचार एमएसच्या रुग्णांत २०२३ मध्ये फसला.

मे महिन्यात दुपारी बाहेर पडले की नजर धूसर होते, पाय ओढल्यासारखे होतात. घरी पंख्याखाली तासभर बसलं की ठीक. हा अटॅक का? – एक शिक्षिका, अकोला

नाही. आवरण गेलेल्या नसेतून संदेश आधीच कसाबसा जातो, शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने चढलं तरी तो अडतो. विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं. एमआरआय नव्हता तेव्हा रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करायचे! नवं लक्षण, ताप नसताना, चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं तर अटॅक समजा. बाकी ओला टॉवेल, थंड पाणी, सकाळची कामं. आणि अंघोळ कोमट पाण्याने.

ओक्रेलिझुमॅब परवडत नाही म्हणून डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब सुचवलं. हे तर कॅन्सरचं औषध. गरिबाला दुय्यम माल देतायत का? – एक वाचक, नांदेड

प्रश्न रोखठोक आहे आणि राग समजतो. पण इतिहास उलटा आहे. एमएसमध्ये बी-पेशी (प्रतिकारशक्तीतल्या, अँटिबॉडीशी संबंधित पेशी) काढून टाकल्या तर आजार थंडावतो, हे आधी रिटुक्सिमॅबनेच दाखवलं, २००८ साली, १०४ रुग्णांच्या चाचणीत. कंपनीने त्यानंतर ताकद लावली ती त्याच धाटणीच्या नव्या औषधावर, ओक्रेलिझुमॅबवर. त्याला २०१७ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. रिटुक्सिमॅबला एमएससाठी कागदोपत्री मंजुरी मिळवायला कुणी पुढे आलं नाही. यात विज्ञानापेक्षा धंद्याचा भाग मोठा, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वीडनने मात्र ते सर्रास वापरलं. तिथल्या २०० रुग्णांच्या चाचणीत रिटुक्सिमॅबवर ३ टक्के रुग्णांना अटॅक आला, डायमिथाइल फ्युमरेट या गोळीवर १६ टक्क्यांना. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्याकडे भारतीय कंपन्यांची रिटुक्सिमॅब बरीच स्वस्त मिळतात. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी झाली का, लशी घ्यायच्या राहिल्यात का, एवढं विचारा. हिपॅटायटिस बी दबा धरून बसला असेल तर हे औषध त्याला मोकळं रान देतं.

स्टेम सेलने एमएस मुळापासून बरा होतो अशी जाहिरात पाहिली. काही लाख सांगतायत. जमीन विकू का? – एक शेतकरी, जालना

विकू नका.

स्टेम सेलच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक खरी आहे. त्यात रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशींचं बीज काढून ठेवतात, जबर केमोथेरपीने बिघडलेली प्रतिकारशक्ती मोडून काढतात आणि ते बीज परत देतात. २०१९ मध्ये ११० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. आजार बळावला तो प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ३ जणांत आणि औषधांवर असलेल्यांपैकी ३४ जणांत. हे रुग्ण तरुण, वारंवार अटॅक येणारे, चालते-फिरते होते. काम करते ती मुळात केमोथेरपी, आणि तिचे धोकेही तिचेच.

जाहिरातीतलं प्रकरण दुसरं. कंबरेत किंवा शिरेत पेशींचं इंजेक्शन द्यायचं आणि नसा नव्या फुटतील असं सांगायचं. असे प्रयोग फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करावेत आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पैसे मागितले, तिथेच उत्तर मिळालं.

व्हिटॅमिन डी जास्त घेतलं तर औषध बंद करता येईल? – एक वाचक, ठाणे

नाही. फ्रान्समध्ये पहिल्याच अटॅकनंतर दर पंधरवड्याला एक लाख युनिट देऊन पाहिलं. दोन वर्षांत आजाराची हालचाल ६० टक्क्यांत दिसली, डी न घेणाऱ्यांत ७४. फायदा आहे, पण साठ टक्क्यांत आजार चालूच होता. आधीच औषधावर असलेल्यांत मोठा डोस देऊन फरक पडला नाही, हे अमेरिकेतल्या २०२३ च्या चाचणीत दिसलं. कमी असेल तर भरून काढा. ६० हजारांची गोळी मनाने रोज खाऊन किडनी बिघडवून घेतलेले लोक आम्ही पाहतो.

नवऱ्याला १८ वर्षं एमएस आहे, वय ५२. सात वर्षांत एकही अटॅक नाही, एमआरआय ‘जैसे थे’. तरी चालणं दरवर्षी खालावतंय. रिपोर्ट चांगला आणि माणूस वाईट, हे कसं? – एक पत्नी, रत्नागिरी

तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. अटॅक हे बाहेरून मेंदूत घुसणाऱ्या पेशींचं काम, आणि ते रोखायला आज चांगली औषधं आहेत. पण वर्षं लोटली की मेंदूच्या आतल्याच मायक्रोग्लिया पेशी धुमसत राहतात, आणि नेहमीच्या एमआरआयवर ते दिसत नाही. आतवर पोचणारी औषधं आता कुठे येतायत. टोलेब्रुटिनिब या गोळीने नेमक्या अशाच, अटॅक थांबलेल्या रुग्णांत अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी केला, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. पण काहींच्या लिव्हरला गंभीर इजा झाली, एक मृत्यूही झाला. त्याच कुळातलं दुसरं औषध, इव्होब्रुटिनिब, २०२३ मध्येच नापास झालं होतं. त्यामुळे ही गोळी परदेशातून मागवण्याच्या फंदात पडू नका.

आज हातात आहे ते करा. दर सहा महिन्यांनी २५ फूट चालायला किती सेकंद लागतात ते मोजून वहीत लिहा, डॉक्टरांपुढे ती वही एमआरआयइतकीच बोलते. फॅम्प्रिडिन ही गोळी काहींचं चालणं सुधारते, फिट्स येत असतील किंवा किडनी कमजोर असेल तर मात्र चालत नाही. फिजिओथेरपी सोडू नका. लघवीचा त्रास असेल तर लाजेपोटी लपवू देऊ नका, त्या इन्फेक्शननेही पाय जड होतात. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रमाणपत्र काढलं नसेल तर जिल्हा रुग्णालयात जाताना पहिल्या निदानापासूनचे सगळे कागद सोबत न्या.