मुलींसाठीच्या करिअर इव्हेंट्सना जाऊन खरंच काही फायदा होतो का?

तू लिहिलंयस की लातूरला कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहेस, पुण्यात असल्या दोन इव्हेंट्सना जाऊन आलीस, भाषणं ऐकून दोन दिवस भारी वाटलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे, मग एसटीचे पैसे घालून आणि घरच्यांची बोलणी खाऊन पुढच्या वेळी जायचं का. बरीच मोठी आहे मी तुझ्यापेक्षा, तर अगं-तुगंच करते.

जा गं. फक्त भाषणांसाठी जाऊ नको.

मी इस्लामपूरकडची. २०१२ ला शेवटच्या वर्षाला असताना पहिल्यांदा असल्या कार्यक्रमाला गेलेले, पुण्यातल्या एका हॉटेलात. स्टेजवरच्या मॅडम कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या व्हाइस प्रेसिडेंट, फाडफाड इंग्लिश, आणि सांगत काय होत्या तर कम्फर्ट झोन सोडा. आता मी पहाटे चारला उठून दोन गाड्या बदलून तिथं पोचलेले, माझा कम्फर्ट झोन पेठ नाक्यालाच सुटला होता. जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी घोळक्याने गप्पा मारतायत आणि मी प्लेट घेऊन भिंतीला चिकटून, गुलाबजाम तीनदा घेतले कारण काउंटरपाशी उभं राहायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं. येताना हातात एक कापडी पिशवी, पेन आणि पाच व्हिजिटिंग कार्डं. एकीलाही कधी मेल केला नाही. लिहिणार काय, मॅडम तुमचं भाषण आवडलं?

पुढे हिंजवडीत टेस्टिंगची नोकरी लागली, तीही रडतखडत, आणि एका मैत्रिणीने असल्याच एका मीटअपला व्हॉलंटिअर म्हणून ओढत नेलं. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसवलं, नाव शोधायचं, बॅज द्यायचा, वॉशरूम कुठंय सांगायचं. लाजाळू मुलीसाठी याच्यासारखं काम नाही, येणारी प्रत्येकजण आपणहून तुझ्याशी बोलते, विषय शोधायची कटकटच नाही. शेवटी सगळं आवरल्यावर कॅबची वाट बघत एक ताई तिथंच टेकली, माझ्याहून तीनच वर्षं सिनिअर. काय करतेस विचारलं, मी म्हणलं मॅन्युअल टेस्टिंग, म्हणजे हाताने क्लिक करून सॉफ्टवेअर तपासायचं, पण ऑटोमेशनमध्ये जायचंय, तेच काम कोड लिहून करायचंय. रेझ्युमे दाखव म्हणाली. मोबाईलवर उघडला आणि बाईंनी सुरुवातच केली, "हार्डवर्किंग, पंक्च्युअल, हे काढ. हे पण काढ. आणि हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर तू बनवलंस? मग हे सगळ्यात खाली काय करतंय?" पंधरा मिनिटं असं चाललं. जाताना म्हणाली, कुठल्याही वेबसाइटच्या लॉगिनची एक टेस्ट सेलेनियममध्ये लिही (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासायचं टूल) आणि रविवारपर्यंत पाठव.

पाठवली. चारदा चालवली तर दोनदा फेल जायची. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, "थ्रेड स्लीप का टाकलंयस?" बास, एवढंच. मला ते माहीतच नव्हतं की पान लोड व्हायची वाट बघायला ठरावीक सेकंद झोपायचं नसतं, ते बटण दिसेपर्यंत थांबायचं असतं, त्यासाठी वेगळं वेट असतं. ते शोधता शोधता मी अर्धं सेलेनियम शिकले. आठ महिन्यांनी तिच्या टीममध्ये जागा निघाली तेव्हा तिनेच रेफर केलं.

म्हणून माझं मत असं की व्हाइस प्रेसिडेंटच्या मागे लागू नको, त्यांना फ्रेशरचे इंटरव्ह्यू विसरून वीस वर्षं झालेली असतात. दोन-तीन वर्षं पुढे असलेली मुलगी शोध, तिला अजून सगळं आठवत असतं. आणि "मला गाईड करा" असं लिहू नको, त्याला कोण काय उत्तर देणार? अमुक करून बघितलं, इथं अडकलंय, हे बरोबर आहे का, असं लिही, तेही दोन-चार दिवसांत, नंतर तिला तुझा चेहरा आठवणार नाही. दहा जणींना लिहिलंस तर सात-आठ गप्प बसतील, मनाला लावून घेऊ नको.

अनोळखी बाईला कसं लिहायचं असं वाटत असेल तर आनंदीबाई जोशींचं आठव. १८८० ला गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलेलं, त्याने मदत केली नाहीच पण पत्र मासिकात छापलं, आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत चाळताना वाचलं. त्यांनी पत्र लिहिलं, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या, १८८३ ला बोटीने गेल्या त्या त्यांच्याच घरी, आणि १८८६ ला डॉक्टर झाल्या. नेटवर्किंगच की हे.

कॉम्प्युटरवाली आहेस तर दोन गोष्टी बघून ठेव. एक ग्रेस हॉपर सेलिब्रेशन इंडिया, कॉम्प्युटर क्षेत्रातल्या मुली-बायकांचं मोठं संमेलन, २०१० पासून होतंय, बेंगळुरूचं, पण तिकिटाला खर्च आहे म्हणून विद्यार्थिनींसाठी स्कॉलरशिप निघालीय का ते आधी बघ. दुसरं आउटरीची, मला हे जास्त आवडतं कारण कुठं जावंच लागत नाही. तीन महिन्यांची घरबसल्या इंटर्नशिप, ७००० डॉलर स्टायपेंड, वर्षातून दोनदा. निवड व्हायच्या आधीच प्रोजेक्टमध्ये थोडं काम करून दाखवावं लागतं आणि त्या वेळी मेंटॉरशी चॅटवर बोलायचंच असतं, त्यामुळे निवड नाही झाली तरी ओळखी होतात. फक्त कॉलेजच्या सत्राबद्दलचे त्यांचे नियम नीट वाच, मुली तिथंच बाद होतात.

घरच्यांचं म्हणशील तर व्हॉलंटिअर म्हणून जातेय, काम आहे, असं सांग. माझ्या बाबांना "कार्यक्रमाला जाते" पटायचं नाही, "काम आहे" लगेच पटायचं.

रेझ्युमे मेसेजमध्ये पाठव, बघते. एकच पान हवं, आणि हार्डवर्किंग काढून.