वाचकांचे प्रश्न : पाहुण्यांना बडोदे पायी दाखवताना

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत माझी नणंद, तिचे यजमान आणि त्यांची तेरा व सहा वर्षांची दोन मुले साताऱ्याहून आमच्याकडे दांडिया बाजारात चार दिवस राहायला येणार आहेत. माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात, तरीही लेकीला व नातवंडांना आपले बडोदे आपणच दाखवायचे, असा त्यांचा आग्रह आहे. गाडी करून एका दिवसात सगळे उरकण्यापेक्षा पायी हिंडावे, असे आम्हाला वाटते. सुरुवात कोठून करावी, किती चालावे आणि सासूबाईंना बरोबर कसे न्यावे, हे कृपया सांगावे.
— एक वाचक भगिनी, बडोदे

उत्तर : आपला विचार योग्य आहे, आणि बडोद्याची रचनाही त्याला अनुकूल आहे. स्टेशनाबाहेर पडल्यावर विद्यापीठाचा घुमट, काळा घोडा (सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा), कमाटीबाग, विश्वामित्रीचा पूल, कीर्तिमंदिर, रावपुरा, सुरसागर तलाव, न्यायमंदिर आणि लहेरीपुरा दरवाजातून थेट जुन्या शहराच्या मध्यावरची मांडवी, अशी ही ठिकाणे जवळजवळ एकाच वाटेवर येतात, आणि ती वाट साडेतीन-चार किलोमीटरांहून मोठी नाही. अंतर थोडे दिसते म्हणूनच फसगत होते. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईवडिलांना ही सगळी वाट एकाच सकाळी चालवली. सुरसागरापाशी आई बसली ती तिला उठवेना, आणि जी मांडवी दाखवण्यासाठी मी तिला आणले होते ती न पाहताच आम्ही रिक्षाने घरी परतलो. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की, घरातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला जेवढे झेपेल तेवढाच त्या दिवसाचा बेत असावा, आणि उरलेले दुसऱ्या दिवसासाठी बिनदिक्कत राखून ठेवावे.

म्हणून दोन सकाळी राखाव्यात. पहिल्या दिवशी रिक्षाने काळ्या घोड्यापर्यंत जावे आणि 1879 साली सयाजीराव महाराजांनी लोकांसाठी करविलेल्या कमाटीबागेत तासभर निवांत हिंडावे. बागेत बसायला जागोजागी सोय असल्याने सासूबाईंची अडचण होणार नाही. बागेतील संग्रहालयाची इमारत 1894 सालची आहे. तेथे निळ्या देवमाशाचा अखंड सांगाडा आणि मिसरमधील ममी आहे, त्यामुळे सहा वर्षांचे मूल तेथून लवकर हलणार नाही, आणि त्याला हलवूही नये. संग्रहालयाची वेळ व सुट्टीचा वार मात्र आदल्या दिवशी विचारून घ्यावा.

तेरा वर्षांच्या भाच्याला मी आवर्जून संकल्पभूमीवर नेईन. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून त्यांना या शहरात राहायला जागा मिळू दिली गेली नाही. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले, तेव्हा ते कमाटीबागेतील झाडाखाली येऊन बसले आणि आपल्या समाजाला या अवस्थेतून सोडवण्याचा निश्चय त्यांनी तेथे केला. ज्या शहराचा आपल्याला अभिमान आहे त्या शहरात हे घडले, हे त्या वयाच्या मुलाला आडपडदा न ठेवता सांगावे. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग त्याने वाचला असला, तरी त्या जागी उभे राहून ऐकताना तो निराळा कळतो.

तेथून परतताना विश्वामित्रीच्या पुलावर थांबावे. थंडी पडू लागली की या नदीच्या काठावर मगरी उन्हात पडलेल्या दिसतात. रोज दिसतीलच असे नाही, पण दिसल्या तर मुले साताऱ्याला जाऊन सर्वांत आधी तेच सांगतील. पुलावर रहदारी फार असते, म्हणून धाकट्याचा हात सोडू नये. पूल ओलांडल्यावर कीर्तिमंदिर येते. गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ 1936 साली बांधलेल्या या वास्तूच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी काढलेली गंगावतरण, मीराबाई व महाभारतातील प्रसंगांची चित्रे आहेत. बडोद्यात वर्षानुवर्षे राहूनही ती न पाहिलेली अनेक कुटुंबे मला ठाऊक आहेत. येथे घाई करू नये. एकेका भिंतीसमोर बसून सासूबाईंनी नातवंडांना अभिमन्यूची गोष्ट सांगावी, इतका वेळ त्या चित्रांना द्यावाच. पहिला दिवस येथेच संपवावा.

दुसऱ्या दिवशी घरूनच पायी निघता येईल, मात्र सकाळी आठच्या आत निघावे. दिवाळीच्या दिवसांत एकदा दुकाने उघडली की मंगळबाजारात आणि लहेरीपुऱ्यापाशी पाऊल ठेवायला जागा उरत नाही, आणि तशा गर्दीत ना वास्तू दिसते ना मूल सांभाळता येते. सुरसागरावरून 1896 सालच्या न्यायमंदिरापाशी यावे. महाराजांच्या प्रथम पत्नी चिमणाबाई यांचे नाव या इमारतीला आहे. पुढे लहेरीपुरा दरवाजातून सरळ मांडवीपर्यंत जावे. चार दरवाजांचे रस्ते येथे एकत्र येतात. पश्चिमेस लहेरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडीगेट, हे भाच्याला उन्हाच्या दिशेवरून ओळखायला लावावे. त्या दिवसाची वाट त्यानेच कागदावर काढलेली असेल, तर कंटाळा आल्याची तक्रार फारशी ऐकू येणार नाही.

रावपुऱ्यातील तांबेकर वाडाही याच दिवशी पाहता येतो. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांच्या या वाड्यात रामायण-महाभारताबरोबर मराठे व इंग्रज यांच्यातील लढाईचीही भित्तिचित्रे आहेत. ही चित्रे वरच्या मजल्यावर असल्याने सासूबाईंनी जिना चढण्याचा हट्ट करू नये. त्या वेळी कोणीतरी एकाने त्यांच्याबरोबर खाली थांबावे, आणि ते आळीपाळीने व्हावे. सुट्टीत दर वेळी सूनच मागे थांबते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

शेव-उसळ परतीच्या वाटेवर खावी, निघताना नव्हे. तिखट खाऊन चालू लागले की मुलांना तहान आवरत नाही. लक्ष्मीविलास राजवाडा या पायी वाटेत ओढू नये. तो मोठा असून त्याचे आवारही विस्तीर्ण आहे, तेव्हा त्यासाठी वेगळी दुपार ठेवून रिक्षाने जावे.

प्रश्न : आमची मुलगी दीड वर्षाची आहे. मांडवीच्या भागात बाबागाडी नेता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कमाटीबागेत ती अवश्य न्यावी, तेथील रस्ते रुंद आणि सपाट आहेत. मांडवीच्या भागात मात्र नेऊ नये. पदपथ जेथे आहेत तेथे ते दुचाक्यांनी व मांडलेल्या मालाने व्यापलेले असतात, आणि पोळांमधून, म्हणजे जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्यांमधून, बाबागाडी ढकलण्यापेक्षा उचलूनच अधिक चालावे लागते. बाळाला छातीशी बांधायची झोळी आणावी, आईवडिलांनी ती अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलून घ्यावी, आणि उन्हाची तिरीप वाढण्यापूर्वी, म्हणजे दहाच्या सुमारास, मुक्कामी परतावे.