आधी विचार, माणूस कधी गेला

पुणे

अनेक आशीर्वाद.

काल शिवाजीनगर कोर्टातून निघताना तू विचारलंस, "सर, 1956 चा हिंदू वारसा कायदा असताना मयूखासारखा जुना धर्मशास्त्राचा ग्रंथ कशाला वाचायचा?" प्रश्न चांगला होता आणि माझी तारीख पुकारली गेली होती. म्हणून आज लिहितोय.

तुझ्या जुन्नरच्या अशिलाचे कागद पुन्हा काढ. जमिनीचा मालक वारला 1927 साली. मागे ना बायको, ना मूल, ना भाऊ, ना आईवडील, ना आजी. फेरफार बहिणीच्या नावे झाला आणि आता चुलत घराणं म्हणतंय की तो मुळातच चुकीचा होता. तू कैफियतीत, म्हणजे आपल्या लेखी जबाबात, हाच 1956 चा कायदा घातलास. पण वारसा उघडतो तो माणूस गेला त्या क्षणी, आणि त्या क्षणी हा कायदा जन्मलाच नव्हता. वारशाच्या कामात अशील समोर बसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कोण कधी गेलं. सातबारा नंतर.

मग 1927 साली काय होतं? मुंबई इलाख्यात 1827 चं चौथं रेग्युलेशन, म्हणजे तेव्हाच्या सरकारचा कायदा, होता. त्याच्या 26 व्या कलमातला क्रम पाठच करून टाक. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. ते नसतील तर जिथे दावा उपजला त्या मुलखाची वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच सापडलं नाही तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. इंग्रजी कायद्याची कितीतरी तत्त्वं आपल्याकडे या शेवटच्या दारातून आत आली.

हिंदूंपुरतं बोलायचं तर महाराष्ट्रात मिताक्षरा ही धर्मशास्त्रावरची जुनी टीका प्रमाण. पण पुणे, नगर आणि खानदेशात कोर्टांनी नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाला, म्हणजे तू विचारलेल्या मयूखाला, जवळजवळ तिच्या बरोबरीचा मान दिला. नीलकंठ सतराव्या शतकातले, पैठणहून काशीला गेलेल्या घराण्यातले. शिवरायांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच घरातले. नीलकंठांनी बहिणीला आजीच्या पाठोपाठ वारस धरलं. खुद्द काशीकडच्या परंपरेत 1929 च्या वारसा-दुरुस्ती कायद्यापर्यंत तिला जागा नव्हती, आणि आपल्याकडे मात्र तिला जमीन मिळे, तीही पूर्ण मालकीने. तुझ्या अशिलाचा सगळा हक्क त्या एका बाईच्या नावावर उभा आहे, आणि तिला उभं केलंय या ग्रंथाने. धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काण्यांनी संपादित केलेली मयूखाची प्रत भांडारकर संस्थेने 1926 साली काढली, म्हणजे तो मालक गेला त्याच्या आदल्या वर्षी. लॉ कॉलेज रोडवर त्या संस्थेत जा आणि ती हातात घेऊन बघ.

आता रूढीबद्दल, कारण इथे मी स्वतः हरलोय. वकिलीची सनद मिळून तीन वर्षं झाली होती. माझ्या अशील बाईंची पहिल्या नवऱ्याशी काडीमोड झाली होती, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, पाच पंचांच्या सह्यांनी. हिंदू विवाह कायद्याच्या 29 व्या कलमाने रूढीतला घटस्फोट राखून ठेवलाय, तेवढ्या भरवशावर मी एकच वाक्य लिहिलं, "पक्षकारांच्या समाजात अशी रूढी आहे." न्यायाधीशांनी विचारलं, आणखी कुणाची अशी झाली? कधी? कुणासमोर? माझ्याकडे एकही साक्षीदार नव्हता. दुसरं लग्न अवैध ठरलं. बाई कोर्टाच्या पायरीवर बसून तो स्टॅम्प पेपर घडी घालत राहिल्या. कायदा पुस्तकात सापडतो, रूढी मात्र शाबीत करावी लागते. समाज कुठला, रीत कोणती, किती पिढ्यांची, आणि नावानिशी उदाहरणं, हे सगळं दाव्यातच यायला हवं. ते गावात बसूनच मिळतं. म्हाताऱ्या माणसांशी बोलायला वेळ काढ.

मुसलमान अशील आला तर हा हिशेब बदलतो. 1937 च्या शरियत कायद्याने बहुतेक बाबतींत रूढीला बाजूला सारलं, पण शेतजमीन त्यातून वगळलेली आहे, हे विसरू नकोस. गोव्याचं कुटुंब आलं तर 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता उघड. तिथे नवरा-बायकोच्या मालमत्तेचा विचारच निराळा.

आणि निवाडे. सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा सगळ्या कोर्टांवर बंधनकारक, हे राज्यघटनेचं कलम 141 सगळ्यांना पाठ असतं, पण निकालपत्र शेवटपर्यंत वाचणारे थोडे. मुलीच्या सहदायिकीबद्दल, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतल्या तिच्या हिश्श्याबद्दल, त्या न्यायालयाच्या 2015 आणि 2018 च्या निकालांचा मेळ बसत नव्हता. 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तो गुंता सोडवला: हक्क जन्माने आहे, मुलींसाठीची दुरुस्ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असण्याची गरज नाही. पण 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या त्याने उकरता येत नाहीत. नुसती हेडनोट, म्हणजे निकालाच्या माथ्यावरचा सारांश, वाचलीस तर हे दुसरं वाक्य हातून सुटतं आणि अशिलाला खोटी आशा लागते. ते मला तुझ्या हातून झालेलं बघवणार नाही.

कैफियतीच्या दुरुस्तीचा अर्ज या आठवड्यात टाकू. सोमवारी सकाळी लवकर ये आणि तो जुना फेरफार बरोबर आण. मोडीतला आहे, शेजारी बसून वाचू. त्यात बहिणीचं नाव कसं लिहिलंय, ते मला बघायचंय.