रिकामा कंटेनर बघ

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कंटेनर बंदरावर तपासणीला काढला, दारं उघडली, पुढच्या चार ओळींतल्या पेट्या खाली उतरवल्या, आणि कारण काय, तर ई-सीलच्या, म्हणजे दाराला लावायच्या इलेक्ट्रॉनिक सीलच्या, क्रमांकातले दोन आकडे नोंदीत उलटे भरले गेले. तू विचारतोस, केळीवर निर्यातशुल्क नाही, लपवायला काही नाही, मग कस्टमला आपल्या पेट्यांत एवढा रस कशाला?

शुल्कासाठी नाही रे भो. ते कस्टम तुझ्या आजोबांच्या वेळचं. ते रावेर-सावद्याहून वॅगन भरून दिल्लीला माल पाठवायचे, त्यांचा या खात्याशी संबंधच आला नाही. २००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेवर हल्ले झाले, त्यानंतर जगभरच्या कस्टमचा प्रश्नच बदलला. आधी विचारायचे, पैसे किती? आता विचारतात, आत काय आहे, कोणी भरलं, आणि वाटेत कोणी हात लावला? २००५ च्या जूनमध्ये जागतिक सीमाशुल्क संघटनेने ‘सेफ’ नावाची चौकट मान्य केली. माल येण्याआधी माहिती, जोखमीवरून निवड, आणि विश्वासातल्या व्यापाऱ्याला सवलत, हा तिचा गाभा. आपल्याला तर अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. १९९३ च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरलं होतं, आणि त्या खटल्यात कस्टमचेच काही अधिकारी दोषी ठरले.

त्यातून केळी. इक्वेडोरहून अँटवर्प, रॉटरडॅमला जाणाऱ्या केळीच्या कंटेनरांत कोकेन सापडणं हे युरोपात नेहमीचं झालंय. पुष्कळदा निर्यातदाराला पत्ताही नसतो. माल भरून झाल्यावर सील तोडायचं, दाराजवळ दोन पिशव्या टाकायच्या, नकली सील लावायचं. पलीकडचे लोक पिशव्या काढून घेतात. नाशवंत माल लवकर सोडावा लागतो, म्हणून तो त्यांना सोयीचा. तुझं केळं आखातात जातं, कबूल. पण ज्याचा क्रमांक जुळत नाही ते सील बंदरावरच्या माणसाला नकली सीलसारखंच दिसतं. त्याने दार उघडलं यात मला तरी त्याची चूक दिसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुझ्या पत्रात सील आहे, शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) आहे, सीएचए (कस्टमचं काम बघणारा दलाल) आहे, पेट्यांचे फोटोही आहेत. भरण्याआधी कंटेनर कसा होता यावर एक ओळ नाही. इथे माझा जीव वरखाली होतो. रिकामा कंटेनर बघ. सील एवढंच सांगतं की बंद केल्यावर कोणी उघडलं नाही. बंद करताना आत काय होतं ते सील सांगत नाही, ते तूच सांगायचं.

२०१७ पर्यंत कारखान्यात माल भरताना सरकारी अधिकारी उभा राहायचा आणि सील त्याच्यासमोर लागायचं. आम्ही सगळे त्याच्या सहीलाच सुरक्षा समजत होतो, त्यात मीही आलो, आणि त्याची रुखरुख अजून आहे. त्या वर्षापासून स्वतः ई-सील लावायची पद्धत आली. पहिल्या मालाच्या १५ दिवस आधी कस्टमला जागा कळवायची, अधिकारी एकदा जागा बघून जातो, पुढे ई-सील तूच लावायचं. लोकांना वाटलं, चला, कटकट गेली. अरे, अधिकारी गेला, पण त्याचं काम तुझ्या अंगावर टाकून गेला. कायद्याने शिपिंग बिलातल्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी निर्यातदारावर आहे, सीएचएवर ढकलून ती सुटत नाही. जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, दारात लागला की आधी दारावरचा क्रमांक कागदाशी जुळव. चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला शेवटचा तपासणी अंक. तो अंक आधीच्या दहा खुणांवरून गणिताने निघतो, त्यामुळे नोंदताना चूक झाली तर बहुतेक वेळा लगेच सापडते. मग बाहेरून फिर. खाली वाकून कंटेनरच्या तळाचे आडवे दांडे बघ. दाराच्या बिजागऱ्या आणि हँडलचे बोल्ट, रिव्हेट यांवर वेळ घाल, कारण सगळ्यात हुशार चोरी तिथेच होते. हँडलचा बोल्ट काढून दार उघडतात, बोल्ट परत बसवतात, सील जसंच्या तसं. तीन बोल्ट गंजलेले आणि चौथा चकचकीत दिसला, पाना लागल्याचे ओरखडे दिसले, ताज्या रंगाचा वास आला, तर तो कंटेनर परत पाठव.

आत गेल्यावर टेप लाव. चाळीस फुटी रीफरची आतली लांबी साधारण साडेअकरा मीटर असते. बनावटीप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून त्या क्रमांकाचं माप शिपिंग लाइनकडून आधीच मागव. वीतभर कमी भरलं तर पुढे खोटी भिंत असू शकते. भिंतींवर मुठीने ठोक. रीफरच्या भिंतीत इन्सुलेशन असतं, आवाज बसकाच येतो. तो सगळीकडे सारखाच बसका हवा, एखाद्याच पत्र्याचा वेगळा आला तर थांब. पंख्याच्या जाळीचे आणि बाष्पीभवकाच्या (हवा थंड करणाऱ्या भागाच्या) झाकणाचे स्क्रू बघ, तिथे लपवायला जागा असते. जमिनीच्या खाचा आणि कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं साफ हवीत. माती, जुना पालापाचोळा राहिला तर रोगकिडीच्या तपासणीतही अडशील. आत बघणारा असताना बाहेर दुसरा माणूस दाराशी उभा हवाच, एकट्याने आत जायचं नाही. सगळं मिळून वीस मिनिटं लागतात. भरीताचं वांगं घेताना तू देठ उलटून बघतोस, इथे तर लाखोंचा माल आहे.

मुकादम म्हणेल, गाडीचा खोळंबा होतो, मजूर बसून राहतात, केळी तापते. केळी शीतगृहातच थांबव, साडेतेरा-चौदा अंशाला ती वीस मिनिटांत बिघडत नाही. बंदरावर उन्हात दार उघडलं की गरम दमट हवा आत जाते, पेट्यांवर पाणी सुटतं, पुठ्ठा मऊ पडतो आणि खालचे थर दबतात. त्यापुढे वीस मिनिटं काय आहेत? मला लोक हट्टी म्हणतात. म्हणू देत. गाडी उशिरा निघाली म्हणून रागावलेला मालक मला चालतो.

फोटो पाच काढ: रिकामा, अर्धा, भरलेला, एक दार बंद, सील लावलेलं. पहिला नसेल तर उरलेल्या चारांना मी किंमत देत नाही.

सील लाव, ओढ, पिळून बघ. त्यावरचा क्रमांक एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा. तुझी चूक इथेच झाली: मोबाइलवरच्या फोटोवरून नंतर भरलास. सीलवर ‘एच’ हवा, तो आयएसओ १७७१२ मधला उच्च सुरक्षेचा दर्जा. शिल्लक सीलं कुलपात ठेव आणि वहीत कुठलं सील, कुठल्या कंटेनरला, कोणी, किती वाजता, हे लिही. ड्रायव्हरच्या हातात जादा सील कधीही द्यायचं नाही. तो कितीही विश्वासू असला तरी नाही.

आणखी एक ठिकाण चुकण्याचं. ई-सीलच्या नोंदीत आयईसी (तुझा आयात-निर्यात क्रमांक), शिपिंग बिल क्रमांक व तारीख, सील क्रमांक, सील केल्याची तारीख व वेळ, कंटेनर, ट्रेलरचा क्रमांक, एवढं जातं. कसाऱ्याच्या घाटात गाडी बंद पडली आणि ट्रेलर बदलला, तर त्याच वेळी सीएचएला फोन करून नोंद बदलून घे, बंदरावर पोचल्यावर नाही. आणि सील वाटेत तुटलं तर स्वतः दुसरं लावू नकोस. फोटो काढ, कस्टम, सीएचए आणि शिपिंग लाइन तिघांनाही कळव. नवं सील तुझ्या हातून लागलं की संशय तुझ्यावरच.

एईओ, म्हणजे कस्टमने विश्वासातला व्यापारी म्हणून दिलेली मान्यता, तिच्याबद्दल विचारलंस, हे मोठ्या कंपन्यांचं काम आहे का म्हणून. लहान उद्योगांसाठी अट सैल केली आहे: वर्षाला कस्टमची १० बिलं आणि २ वर्षांचा व्यवसाय पुरतो. पहिला टप्पा कागदांवर मिळतो. दुसऱ्यासाठी अधिकारी जागेवर येतात, कुंपण, ये-जा नोंदवही, सीलची वही, कंटेनर तपासणीची नोंद बघतात. अमेरिका, दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग यांच्याशी आपले परस्पर मान्यतेचे करार आहेत, म्हणजे इथली मान्यता तिथेही धरतात. तुला मात्र घाई भिंतीवर प्रमाणपत्र लावायची दिसते. आधी वही भरायला लाग. दोन वर्षांची खरी वही असली की अर्ज अवघड नाही, आणि वही नसताना भरलेला अर्ज त्या अधिकाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

शनिवारी पुढची गाडी लागणार म्हणतोस. टेप पंधरा मीटरचा घे, दहाचा पुरत नाही. आणि बॅटरी कपाळावर बांधायची आण, हात मोकळे राहतात.

तुझा,
नाना