सँक्शन म्हणजे मंजुरी की बंदी?

प्रश्न : मी पतसंस्थेत क्लार्क आहे, आमच्याकडे दिवसभर 'लोन सँक्शन झालं का' एवढंच चालू असतं. पण मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, ती म्हणते बाबा, रशियावर सँक्शन्स लावलीत म्हणजे निर्बंध. एकच शब्द इतका उलटा कसा काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोघंही बरोबर आहात, भांडू नका. लॅटिनमध्ये एक क्रियापद होतं, त्याचा अर्थ कायद्याने किंवा धर्माने पक्कं करणं, पवित्र ठरवणं. इंग्रजीतला 'सेंट' पण त्याच घरातला. आता कायदा म्हटला की मान्यता आली आणि मोडला तर शिक्षाही आली, कायद्यातल्या त्या शिक्षेच्या कलमालाही हाच शब्द वापरायचे. पुढे एक फांदी मंजुरीकडे गेली न दुसरी शिक्षेकडे, झालं.

आपल्याकडे मंजुरीवालाच जास्त फिरतो, विजेच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो ना, तोच सँक्शन्ड लोड. दुसरा अर्थ आपल्याला चांगलाच कळला तो मे १९९८ मध्ये, पोखरणला अणुचाचण्या केल्या आणि अमेरिकेने सँक्शन्स लावली तेव्हा.

ओळखायचं कसं? अनेकवचन असेल आणि पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' असेल तर बहुतेक निर्बंधच. खरी पंचाईत 'सँक्शन्ड'ची. 'सँक्शन्ड पोस्ट' म्हणजे मंजूर पद (भरतीच होत नाही ही गोष्ट वेगळी), पण 'सँक्शन्ड टँकर' म्हणजे निर्बंध लागलेलं तेलाचं जहाज, तिथे मंजुरी समजून भाषांतर केलंत तर बातमीच उलटी होईल. आणि सरकारी अधिकाऱ्यावर खटला भरायला जे सँक्शन लागतं ते मंजुरीच बरं का, फक्त ती खटल्याला, त्यामुळे त्या साहेबांना ती शिक्षेसारखीच वाटत असणार!

मुलीला एवढंच विचारा, 'परवा' म्हणजे झालेला दिवस की यायचा? परवा गेलो, परवा जाईन, दोन्ही आपण बिनधास्त बोलतो आणि कुणाची गाडी चुकत नाही.