उरलेली सौर वीज आणि आंघोळीचे पाणी

प्रश्न : आमच्या घरावर ३ किलोवॅटचे सौर पॅनेल असून नेट मीटर आहे. आम्ही दोघेही दिवसभर नोकरीवर असल्याने बरीच वीज महावितरणकडे जाते आणि बिलावर शिल्लक युनिट दिसतात. परदेशात अशा विजेवर आपोआप पाणी तापवणारे उपकरण मिळते, असे भावाने सांगितले. ते बसवावे, की दुपारीच गीझर लावून ठेवावा?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपली शिल्लक वीज वाया जात नाही, हे आधी लक्षात घ्यावे. नेट मीटर असताना दुपारी ग्रिडला दिलेले युनिट पहाटे गीझरने घेतलेल्या युनिटातून वजा होते. त्यामुळे पाणी कोणत्या वेळी तापवले याने बिलात सहसा फारसा फरक पडत नाही. उलट दुपारी दोनला तापवलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वापरायचे, तर मधल्या सोळा तासांत ते निवत जाते आणि तेवढी उष्णता फुकट जाते.

भावाने सांगितलेले उपकरण इंग्लंडमध्ये ‘डायव्हर्टर’ म्हणून विकले जाते. मीटरकडे जाणाऱ्या तारेवर चिमट्यासारखा सेन्सर बसवतात आणि वीज बाहेर जाऊ लागली की, मग ती पाचशे वॅट का असेना, तेवढीच हीटरकडे वळवली जाते. तिकडे ते परवडते, कारण अनेक घरांत दीड-दोनशे लिटरची गरम पाण्याची टाकी असते आणि विकत घेतलेल्या युनिटापेक्षा विकलेल्या युनिटाला भाव कमी मिळतो. आपल्याकडे गीझर बहुधा २५ लिटरचा. एका युनिटात ८६० किलोकॅलरी उष्णता असते आणि २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ८७५ लागतात. म्हणजे आपला गीझर साधारण एक युनिट पिऊन गप्प बसतो, तर ३ किलोवॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा युनिटांच्या आसपास वीज देते. शिवाय डिजिटल नियंत्रणाच्या गीझरला डायव्हर्टरची कमी-जास्त होणारी वीज मानवत नाही. तेव्हा तो खर्च करू नये.

आपण पाहायचे ते ३१ मार्चला काय उरते हे. शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण आर्थिक वर्ष संपताना उरलेल्यांचे पैसे कमी दराने मिळतात. मराठवाड्यापुरती ही वर्षगणना सोयीची आहे : एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचेच पाणी चटका देते, गीझर बंद असतो, आणि तेव्हा साठलेली युनिट डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कामी येतात. एवढे करूनही मार्चअखेर शे-दोनशे युनिट उरत असतील आणि आंघोळीचे पाणी आज गॅसवर किंवा लाकडाच्या बंबात तापत असेल, तर ते विजेवर आणावे. खरी बचत तिथे आहे. नवे पॅनेल लावण्याचा विचार मात्र केवळ पाण्यासाठी असेल, तर सौर बंबच बरा. तो उन्हाची उष्णता थेट पाण्याला देतो आणि गच्चीवर जागाही कमी अडवतो.

शेतातल्या आखाड्यावरची गोष्ट वेगळी. तिथे ग्रिडची जोडणी नसून बॅटरीच असेल, तर बॅटरी भरल्यानंतरची वीज खरोखरच वाया जाते. तिथे दुपारी पाणी तापवावे, पण मोठ्या टाकीत आणि पाचशे-सातशे वॅटच्या हीटरवर. २ किलोवॅटचा गीझर लहान इन्व्हर्टरला झेपत नाही.

सकाळी विसावण घालूनच आंघोळ करायची असेल, तर थर्मोस्टॅट कमाल अंशावर ठेवण्याचे कारण नाही. पाणी जितके जास्त तापेल तितका बोअरच्या जड पाण्याचा क्षार हीटरवर लवकर बसतो. हीटर दरवर्षी खोलून साफ करून घ्यावा. पहाटेसाठी टायमर लावणार असाल, तर तो १६ अँपिअरचा घ्यावा. २ किलोवॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. माझ्या परिचयाच्या एका घरी ६ अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर तो लावला होता, आणि महिन्याभरात प्लगचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन भोकांपाशी वितळले होते.